चारही इंजेक्टर करायचे की एकच?

प्रश्न: नमस्कार दादा, माझी २०१२ ची स्विफ्ट डिझेल आहे, १.३ वाली, १ लाख ८० हजार किमी झालेत, खानापूर-बेळगाव रोजचं येणं-जाणं. सकाळी स्टार्ट व्हायला लई सेल्फ मारावा लागतो, आयडलला टकटक करते आणि चढाला काळा धूर. गॅरेजवाला म्हणतोय चारही इंजेक्टर करून घ्या, घरचे म्हणतात त्यापेक्षा गाडीच काढून टाक. काय करू?

उत्तर: भाऊ, गाडी काढायचं नंतर बघू, आधी गॅरेजवाल्याला विचारा रिटर्न टेस्ट (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या प्रत्येक इंजेक्टरमधून किती डिझेल परत जातं ते बघणं) केली का, कारण नुसता आवाज ऐकून चारही काढायला सांगणारे खूप आहेत. प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला पाईप लावून चार सारख्या बाटल्या टांगायच्या आणि इंजिन थोडा वेळ आयडलला ठेवायचं, ज्या बाटलीत बाकीच्यांपेक्षा भसाभस डिझेल जमलं तो इंजेक्टर आतून घासलाय. तो डिझेल परत सोडत राहतो म्हणून सकाळी रेलमध्ये (चारही इंजेक्टरला डिझेल देणाऱ्या सामाईक नळीत) प्रेशर बनत नाही, आणि प्रेशर बनल्याशिवाय ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) इंजेक्टर उघडतच नाही, तुम्ही आपले सेल्फ मारत बसता. चारही बाटल्या सारख्या आणि कमीच भरल्या तर आधी हीटर प्लग (थंड इंजिन सुरू व्हायला आतून गरम करणारे) आणि डिझेल फिल्टर बघा की. काळ्या धुराला तर एअर फिल्टर, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), टर्बोचा फाटलेला होज, काहीही कारण असू शकतंय. टकटक मात्र नोझलच्या टोकामुळं असली तर ती रिटर्नमध्ये दिसत नाही, इंजेक्टर काढून तपासायच्या मशीनवर, म्हणजे बेंचवरच कळते.

आता द्यायचं कुणाकडं. आपल्या उसाच्या पट्ट्यात ट्रॅक्टरचे पंप-नोझल करणारे हात चांगले आहेत, पण ते जुने नोझल दोन-अडीचशे बारच्या (बार म्हणजे दाबाचं माप) आसपास उघडतात आणि तुमच्या गाडीतल्या ह्या कॉमन रेलचं प्रेशर लोडवर हजार बारच्या वर जातं, त्यामुळं हँडपंपवर फवारा बघून ओके म्हणणाऱ्याकडं देऊ नका, मग बेळगावात नाही झालं तर कोल्हापूर गाठा. कॉमन रेलचा बेंच असलेला माणूस करायच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन रिपोर्ट देतो, ते मागूनच घ्या. बसवताना खालचा तांब्याचा वॉशर नवा (जुनाच टाकला तर गॅस लीक होऊन इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा थर जमतो, मग पुढच्या वेळी तो उपटायला घाम फुटतो), आणि इंजेक्टरवर कोड असेल तर तो स्कॅनरनं ईसीएममध्ये भरायला सांगा.

पण खर्च करायच्या आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा नीट दाबली जाते का) चेक कराच. इंजिनच बसलं असेल तर इंजेक्टरवर एक रुपया घालू नका, तेव्हा घरच्यांचं ऐका. कॉम्प्रेशन चांगलं, खाली पत्रा गंजलेला नाही आणि अजून तीन-चार वर्षं वापरायचीय, तर जो एक-दोन खराब निघेल तेवढेच करा. २०२७ ला पंधरा वर्षं भरतील, आरटीओत फिटनेस करून आरसी पाच वर्षांसाठी वाढवून मिळते, तो खर्चही ह्याच हिशोबात धरा.