हाड जुळतं, मग गुडघ्याची गादी का भरून येत नाही?

प्रश्न : आई बाथरूममध्ये घसरली, मनगट फ्रॅक्चर झालं, दीड महिन्याने प्लास्टर निघालं आणि आता पोळ्याही लाटते. बाबांच्या गुडघ्याची गादी मात्र झिजली ती झिजलीच, डॉक्टर म्हणतात परत येणार नाही. मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात तर हाड आणि कास्थी (ही गादी कास्थीचीच) दोन्ही संयोजी ऊतीच, म्हणजे शरीराला जोडून, आधार देऊन ठेवणारे पेशींचे समूहच, दिल्यात. मग एक जुळतं आणि दुसरं नाही, असं कसं? (एक वाचक, सांगली)

उत्तर : पुस्तक बरोबरच आहे हो, पण संयोजी ऊती म्हणजे भलतंच मोठं खटलं आहे. हाड, कास्थी, चरबी, स्नायू हाडाला जोडणारा स्नायुरज्जू, हाडाला हाड जोडणारा अस्थिबंध, सगळे एकाच घरातले, आणि स्वभाव प्रत्येकाचा वेगळा. यांच्यात पेशी विरळ आणि पेशींच्या मधे भरलेला माल जास्त. हाडात त्या मालात कॅल्शियमचे क्षार बसलेले असतात म्हणून ते टणक, कास्थीत पाणी धरून ठेवणारा जेलीसारखा माल असतो म्हणून ती दाबली तर दबते आणि परत फुलते.

रविवारी मटण आणलं की नळीचं टोक नीट बघा. त्यावर निळसर पांढरा, गुळगुळीत थर दिसेल, ती कास्थी. शेजारी लवकर न शिजणारी चिवट पांढरी दोरी म्हणजे स्नायुरज्जू, आणि आपण मांस म्हणून खातो ती स्नायू ऊती. (शाकाहारी मंडळींनी आकृतीवर भागवावं.)

आता खरा मुद्दा, रक्तपुरवठा. हाडात रक्तवाहिन्या भरपूर. मोडलं की आत रक्त साकळतं, हाडावरच्या पातळ आवरणातल्या पेशी कामाला लागतात, आधी मऊ जोड धरतो आणि मग त्यात क्षार भरून तो कडक होतो. कास्थीत रक्तवाहिनीच नाही आणि दुखणं कळवणारे चेतातंतूही नाहीत. तिला खाणंपिणं मिळतं सांध्यातल्या द्रवातून, तेही हालचालीने दाब पडला-सुटला की द्रव आतबाहेर होतो तेव्हा. त्यामुळे वरवर झीज झाली तर रक्त येत नाही, रक्त नाही म्हणजे दुरुस्तीची सुरुवातच होत नाही, आणि दुखत पण नाही म्हणून सुरुवातीला पत्ताच लागत नाही. बाबांना जे दुखतंय ते खालच्या हाडातून आणि सांध्याच्या अस्तरातून येतंय.

म्हणून 'ग्रीस संपलंय, आता बसूनच राहा' हा शेजारपाजारचा सल्ला मला अजिबात पटत नाही. झेपेल तेवढं चालणं, मांडीचे स्नायू बळकट करणं आणि वजन आटोक्यात ठेवणं यानेच बऱ्याच जणांना आराम पडतो, व्यायाम कुठले ते फिजिओथेरपिस्टला विचारा. आणि हो, गुडघ्यात चंद्रकोरीच्या आकाराची अजून एक गादी असते, मेनिस्कस. तिच्या बाहेरच्या कडेला रक्त पोचतं म्हणून तिथली फाट कधीकधी टाके घालून जुळते, आतली सहसा नाही. बाबांची नक्की कुठली गादी ते डॉक्टरांना विचारून घ्या, लोक दोन्हीला गादीच म्हणतात.

प्रश्न : रक्त तर पातळ, ते ऊती कसं काय? (त्याच वाचकाची मुलगी)

उत्तर : मधला माल द्रव आहे एवढंच बाळा, त्याला प्लाझ्मा म्हणतात. पेशी तरंगत्या, पण हिशोब तोच, म्हणून रक्तही संयोजीच.

प्रश्न : ऊतींचे चार प्रकार पाठ आहेत, पण त्यांचा रोजच्या जगण्यात उपयोग काय? (एक विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : जखम झाली की कळतो. संयोजीचं वर सांगितलंच, आता बाकीच्या तीन. अभिस्तर ऊती म्हणजे त्वचेचा वरचा थर, तोंडाचं, आतड्याचं अस्तर. काम आवरणाचं, शोषून घेण्याचं, स्रवण्याचं, आणि झिजणं रोजचंच, म्हणून आतड्याचं अस्तर 3 ते 5 दिवसांत नवं होतं, चहाने पोळलेलं तोंडसुद्धा लवकर बरं होतं. स्नायू ऊतीत हातापायाचे स्नायू थोडेफार दुरुस्त होतात, पण हृदयाचे जवळजवळ नाहीच, हार्ट अटॅकनंतर तिथे व्रण राहतो आणि व्रण काही आकुंचन पावत नाही. चेता ऊतीचं काम संदेश नेण्याचं, आणि ती सगळ्यात सावकाश. हातातली नस कापली आणि वेळेत जोडली तर तंतू दिवसाला साधारण 1 मिलिमीटर पुढे वाढतो, म्हणजे मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत पोचायला काही महिने धरून चाला. मेंदू आणि मणक्यातल्या मज्जारज्जूत तेवढंही होत नाही, तेव्हा गाडीवर बसताना हेल्मेट घाल.