पन्नाशीनंतर शिडाची होडी पुन्हा चालवता येईल का?

आपण विचारले आहे की, लहानपणी आजोबांबरोबर कोकणातल्या खाडीत शिडाची होडी चालवली होती, तर आता पन्नाशी उलटल्यावर पुन्हा सुरुवात करता येईल का, आणि शिकायचे कुठे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर निःसंशय ‘होय’ असे आहे. दुसऱ्याकडे वळण्याआधी थोडे सविस्तर लिहिते, कारण याच विषयावर माझा आणि माझ्या थोरल्या भावाचा तरुणपणापासून वाद आहे.

माझे वडील जयगडच्या खाडीत पडाव, म्हणजे मालवाहू शिडाची होडी, चालवत. जांभ्याचे चिरे, कौले, जळाऊ लाकूड असा माल शास्त्री नदीच्या काठच्या गावांना पोहोचवणे हा त्यांचा व्यवसाय होता. पहाटे जमिनीकडून येणाऱ्या मतलईवर मुखाकडे उतरायचे आणि दुपारी जमीन तापली, समुद्राकडून खारा वारा सुटला, की त्यावर आत परतायचे, असा त्यांचा क्रम असे. भरतीची वेळ ते तिथीवरून काढत. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर तीनच्या सुमारास भरती, अष्टमी असेल तर सहाच्या सुमारास. हे गणित मला पाढ्यांच्या आधी येत होते. दादाला पाण्याची गोडी नव्हती, म्हणून सुकाणू माझ्या हाती आले. पुढे पडावाला इंजिन बसले, डोलकाठी उतरली आणि तिचे आढे करून गोठ्यावर चढवले. मी रडले तेव्हा दादा म्हणाला होता, “शीड म्हणजे आपली गरिबी होती, बाय. गेली ते बरे झाले.” हे वाक्य मला तेव्हाही पटले नव्हते आणि आजही पटत नाही.

लग्न, शाळेतली नोकरी, मुले यांत शीड मागे पडले. निवृत्तीनंतर जुन्या सहकारी शिक्षिकांबरोबर मुरुडला गेले असता आम्ही जंजिरा पाहायला राजपुरीच्या धक्क्यावर आलो. तिथून किल्ल्यापर्यंत आजही शिडाच्या होड्या प्रवासी नेतात, हे मला माहीत होते. पण शीड चढताना पाहून हात शिवशिवतील, याची कल्पना नव्हती. तिरके परबाण, म्हणजे शीड बांधलेला आडवा दांडा, वर गेले, कापड एकदा फडफडले आणि वारा भरताच होडी एका अंगावर कलली. बाकीच्या बायका दचकून एकमेकींना बिलगल्या. मी न सांगता उठून वाऱ्याकडच्या काठावर जाऊन बसले आणि परबाण फिरवण्याच्या क्षणी समोरच्या मुलांना डोकी खाली घ्यायला सांगितले. सुकाणूवर एक वृद्ध चाचा होते. त्यांनी माझ्याकडे काही वेळ निरखून पाहिले आणि विचारले, “बाई, तुमच्या घरात दर्यावर कोण होतं?”

किल्ला मी त्या दिवशी धड पाहिला नाही. महादरवाजाच्या पायऱ्यांशी होडी लावताना चाचांनी शीड किती अंतरावर सोडले, उरलेल्या गतीवर होडी कशी आणली आणि पाणी पायऱ्यांवर चढत-उतरत असताना नेमक्या कोणत्या क्षणी माणसे उतरवली, हेच मी पाहत राहिले. परतीला त्यांनी सुकाणू माझ्या हाती दिले. लाकडातून तळव्याला येणारा पाण्याचा दाब मला तत्काळ ओळखू आला. वारा किंचित फिरला तेव्हा तो आधी कानामागे जाणवला आणि चाचा काही बोलण्यापूर्वीच मी होडी वळवली होती.

त्याच होडीत चिपळूणची एक तरुण दंतवैद्य होती. महाविद्यालयात असताना तिने एनसीसीच्या नौदल विभागातून शिडाच्या बोटी चालवल्या होत्या आणि तिचेही सारे सुटले होते. धक्क्यावर उतरल्यावर ती स्वतःहून येऊन बोलली. आम्ही चहा घेतला, क्रमांकांची देवाणघेवाण झाली. तिसरा मित्र मिळाला तो आमच्याच खाडीवर. वडिलांच्या पडावावर काम करणाऱ्या एका खलाशाचा तो नातू, स्वतः मासेमारी करणारा. त्याची एक लहान लाकडी होडी परसात उपडी पडली होती. तिला सुरूची डोलकाठी आणि बांबूचे परबाण करायचे ठरले. दंतवैद्यबाईंना डोलकाठीला मागून जोडलेले, नव्या पद्धतीचे त्रिकोणी शीड हवे होते, कारण त्याने वाऱ्याच्या अधिक जवळून, म्हणजे वारा येतो त्या दिशेकडे अधिक तोंड करून, जाता येते. नातवाला आजोबांसारखेच शीड हवे होते, कारण फाटले तर ते गावात शिवता येते. या एका मुद्द्यावर दोघे कित्येक संध्याकाळी भांडले आणि अखेर आजोबांचे शीड जिंकले. मला दोघांचेही म्हणणे रास्त वाटत होते. तरीही त्या भांडणात बसण्याचा आनंद मला नोकरीच्या सबंध काळात मिळाला नव्हता, हे मी मोकळेपणाने लिहिते.

दादा होडी पाहायला आला आणि म्हणाला, “इंजिन बसवा.” मी त्याला सांगितले की, शीड ही गरिबी असती तर नौदलाने ती विकत घेतली नसती. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून नौदलातल्या दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. 2017-18 मध्ये वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी, तीही गोव्यातच बांधलेल्या 56 फुटी ‘तारिणी’तून तीच प्रदक्षिणा केली आणि वाटेत दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या केप हॉर्नला वळसा घातला. त्यांना शिडाकडे कोणी ढकलले नव्हते, त्यांनी ते निवडले होते. दादाने उत्तर दिले नाही, त्यामुळे वाद माझ्या बाजूने सुटला असे मी धरते.

आता शिकण्याविषयी. रीतसर शिक्षण हवे असेल तर मुंबई आणि गोवा येथे नौकानयनाचे क्लब आहेत. तिथे आपल्या वयाच्या नवशिक्याला बहुधा आधी दोन-तीन माणसांच्या छोट्या बोटीत बसवतील आणि नंतर लेझरसारखी, साधारण सव्वाचार मीटर लांबीची, एकट्याने चालवायची बोट देतील. ते जरूर करावे. पण ज्याने लहानपणी शीड हाताळले आहे त्याने सुरुवात क्लबपासून करावी, असे मला वाटत नाही. आपल्या आजोबांच्या गावी जावे, धक्क्यावर बसावे आणि ज्याने शीड चढवलेले आहे असा एखादा म्हातारा शोधून त्याच्याशी बोलावे. आपल्या हातांना जे आठवेल ते कोणत्याही अभ्यासक्रमात मिळणार नाही. आणि सोबतीला दोन माणसे हवीतच. एकट्याने पुन्हा सुरू केलेली गोष्ट पहिल्या उन्हाळ्यातच सुटते.

दादाच्या एका मुद्द्याशी माझे भांडण नाही, तेही नोंदवते: ज्याचे पोट मासेमारीवर आहे त्याला इंजिन हवेच, आणि त्याला शिडाचे गुणगान ऐकवणे अन्यायाचे आहे. आपल्या बाबतीत पोटाचा प्रश्न नाही, असे गृहीत धरून मी लिहिले आहे.

शिवाय गुडघे आणि हृदय डॉक्टरांना दाखवून घ्यावे. पोहता येत असले तरी जीवरक्षक जाकीट घालावे, कारण कलत्या होडीत परबाण डोक्याला लागले तर पोहण्याचा उपयोग होत नाही. जून ते नारळी पौर्णिमा या काळात पाण्यात उतरूच नये. सुरुवातीचे दिवस अष्टमीच्या आसपास, भांगाचे निवडावेत, तेव्हा पाण्याला ओढ कमी असते. खाडीच्या मुखाशी ओहोटीचे पाणी बाहेर धावत असताना समोरून खारा वारा आला, तर लाटा आखूड आणि उंच उठतात. अनुभवी तांडेलही, म्हणजे होडीचा प्रमुखही, अशा वेळी लहान होडी तिथे नेत नाही. माझे वडील भरती लागेपर्यंत काठाला थांबत, आणि आम्हीही थांबतो.