कवितेत आशा आणि स्वप्ने जपण्याला एवढे महत्त्व का दिले जाते?

आशा जपायला सांगणाऱ्या कविता पुष्कळ आहेत, परंतु टिकतात त्या बहुधा स्वप्न हातचे गेल्यावर काय उरते हे दाखवणाऱ्या, असे माझे मत आहे. लँग्स्टन ह्यूज या कृष्णवर्णीय अमेरिकी कवीची १९२३ सालची ‘ड्रीम्स’ ही अवघ्या आठ ओळींची कविता पाहावी. स्वप्ने मेली की आयुष्य पंख मोडलेल्या, उडू न शकणाऱ्या पक्ष्यासारखे होते आणि ती निघून गेली की बर्फाने गोठलेल्या ओसाड शेतासारखे, एवढेच ती म्हणते. स्वप्ने घट्ट धरून ठेवण्याचा आग्रह दोन्ही कडव्यांच्या आरंभी येतो खरा, पण मनात घर करतो तो मोडका पंख. (नुसता उपदेश असता, तर ती फळ्यावरच्या सुविचारापलीकडे गेली नसती.) पुढे १९५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हार्लेम’मध्ये, वर्णभेद सोसणाऱ्या समाजाचे लांबणीवर पडलेले स्वप्न उन्हातल्या मनुक्यासारखे सुकते, जखमेसारखे चिघळते की जड ओझ्यासारखे लोंबकळते, असे एकामागून एक प्रश्न विचारत हाच कवी अखेरीस स्फोटाच्या शक्यतेवर थांबतो, त्यावर तो उत्तर देत नाही.