प्रायमरी डेटा की सेकंडरी? ऊसतोड स्थलांतराचंच उदाहरण घेऊन सांगते

इथे एका विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न असा आहे की बीडच्या ऊसतोड कुटुंबांच्या स्थलांतरावर सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) लिहायचीय, गाइड म्हणतात प्रायमरी डेटा पाहिजेच आणि सीनियर म्हणतो सेन्ससवर भागतं, कशाला गावोगाव फिरतोस. याच विषयावर बरीच वर्षं फील्डवर्क करतेय म्हणून जरा सविस्तर लिहिते.

व्याख्या सगळ्यांनाच पाठ असते. आपण आपल्या प्रश्नासाठी स्वतः गोळा केला तो प्रायमरी, दुसऱ्या कोणी त्याच्या कामासाठी गोळा केलेला आपण वापरला तो सेकंडरी. पण त्याच्या पुढे लोक लिहितात की प्रायमरी अचूक आणि महाग, सेकंडरी स्वस्त आणि जुना, आणि तिथेच थांबतात. हे मला पटत नाही, कारण अचूकपणा डेटाच्या प्रकारावर नसतो, तो कोणी, कधी, कोणाला आणि कुठली व्याख्या धरून विचारलं यावर असतो.

तुमच्याच विषयात बघा. २०११ च्या जनगणनेची मोजणी झाली ९ ते २८ फेब्रुवारी. नियम असा की त्या काळात माणूस थोडा वेळ जरी नेहमीच्या घरी असेल तर तिथे मोजायचा, आणि पूर्ण काळ बाहेर असेल तर जिथे सापडेल तिथे. आता फेब्रुवारीत गाळप जोरात असतं, कोयता घेऊन गेलेलं कुटुंब कोल्हापूर, सांगली नाहीतर कर्नाटकात फडावर (ऊस तोडायच्या शेतात) असतं, म्हणजे नियमाप्रमाणे ते तिकडेच मोजलं जाणार (फडाशेजारच्या खोपीपर्यंत प्रगणक पोचला का हा प्रश्न परत वेगळाच), आणि बीडच्या गावात नोंद कोणाची, तर मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांची आणि त्यांच्याकडे ठेवलेल्या पोरांची. जनगणना चुकीची आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये. ती लोकसंख्या मोजायला केलेली आहे, तुमचं हंगामी स्थलांतर मोजायला नाही.

एनएसएसओचंही (सरकारचं राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण) तेच. २००७-०८ ची ६४वी फेरी स्थलांतरावर होती, त्यात थोड्या काळाचं स्थलांतर म्हणजे वर्षभरात १ महिना ते ६ महिन्यांच्या आत कामासाठी बाहेर राहिलेला माणूस. ऊसतोडवाले दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि हंगाम लांबला तर एप्रिल उजाडतो, म्हणजे ६ महिन्यांची रेघ बरोब्बर यांच्या अंगावरून जाते. एक टोळी व्याख्येत बसते, शेजारची बसत नाही. वर अख्खं घरच गेलेलं असेल तर दाराला कुलूप, माहिती देणार कोण? आणि १९९९-२००० च्या ५५व्या फेरीत किमान मुदत २ महिन्यांची होती, त्यामुळे दोन्ही फेऱ्यांचे आकडे शेजारीशेजारी ठेवून 'स्थलांतर वाढलं' असं लिहू नका, व्हायवात (तोंडी परीक्षेत) पहिला प्रश्न तोच येईल.

म्हणून माझं म्हणणं असं की सेकंडरी डेटा आधी वाचायचा तो नुसता रिव्ह्यूचं चॅप्टर भरायला नाही, तर तो कुठे आंधळा आहे ते शोधायला. ती आंधळी जागा सापडली की तुमच्या प्रश्नावलीचे निम्मे प्रश्न आपोआप तयार होतात. आणि जे त्यात चांगलं मिळतंय ते परत विचारत बसू नका, गावातली घरं, साक्षरता, शेतमजुरांची संख्या हे जनगणनेत गावनिहाय आहे, कारखानानिहाय गाळप साखर आयुक्तालयाकडे मिळतं. दिवसभर फड तोडून आलेल्या बाईचा वेळ अशा प्रश्नांवर घालवणं मला योग्य वाटत नाही.

आता प्रायमरीबद्दल, कारण गाइडना वाटतं फील्डवर गेलं की खरं कळतं. नेहमीच असं होत नाही. फडावर मुकादम (मजुरांची टोळी आणणारा) शेजारी उभा असताना उचल (हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम) किती घेतली विचारलं तर जे उत्तर येतं आणि जूनमध्ये त्याच बाईच्या ओट्यावर बसून विचारलं तर जे येतं त्यात फार फरक असतो. नावं मुकादमानेच दिली तर त्याच्याशी बरं असलेलीच कुटुंबं तुमच्या सँपलमध्ये येतात, भांडून निघालेली येतच नाहीत. तेव्हा ग्रामपंचायतीची ऊसतोड कामगारांची यादी घ्या, हंगामी वसतिगृहातल्या मुलांची यादी घ्या, दोन्ही जुळवा, त्यातून चिठ्ठ्या टाकून घरं निवडा आणि जी सापडली नाहीत तीही लिहून ठेवा. शब्दसुद्धा त्यांचेच वापरा, 'गर्भाशयाची शस्त्रक्रिया झाली आहे का' असं वाचून दाखवलं तर बाई गप्प बसते, 'पिशवी काढलीय का' विचारलं की सांगते. आणि तो प्रश्न बाईने बाईलाच विचारावा, पुरुष तपासनीस पाठवू नका प्लीज.

एक गोष्ट बऱ्याच थिसिसमध्ये गडबडलेली दिसते. मुकादमाच्या वहीचा फोटो काढला की तो प्रायमरी डेटा म्हणून टेबलात जातो, कारण मी स्वतः जाऊन आणला ना. पण ती वही त्याने त्याच्या हिशोबासाठी लिहिलीय, उचल किती दिली, किती फिटली यासाठी. त्यात एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक, एकटा माणूस असला तर अर्धा कोयता, आणि मोळ्या बांधायला हाताशी असलेली बारा वर्षांची मुलगी त्यात कुठेच नाही. हा सेकंडरीच डेटा आहे, फार मोलाचा आहे, पण त्याला जनगणनेइतक्याच संशयाने वाचायला हवं. फोटोला परवानगी घ्या हे सांगायला नको.

दोन्ही एकत्र कसे वापरायचे याचं माझं आवडतं उदाहरण आपल्या पुण्याचंच आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागरचा अभ्यास १९१७ मध्ये छापला, तेव्हा ते पुण्याजवळचं खेडं होतं, आता पिंपरी-चिंचवडमधल्या सोसायट्या. त्यांनी गावात घरोघर माहिती घेतली, पण जमिनीचे तुकडे कसे होत गेले हे दाखवायला जुनी दप्तरं काढली, त्यातून दिसलं की १७७१ मध्ये सरासरी जमीनधारणा ४० एकर होती ती १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आली. नुसत्या सर्व्हेने त्यांना ७ एकर कळले असते, घसरण कळली नसती. आणि नुसत्या दप्तराने कर्ज आणि खाणंपिणं कळलं नसतं.

तर सिनॉप्सिसमध्ये 'प्रायमरी व सेकंडरी दोन्ही वापरले जातील' एवढं एक वाक्य टाकू नका. प्रत्येक उपप्रश्नासमोर लिहा की याचं उत्तर कुठून येणार, त्या स्रोताची मुदत आणि व्याख्या काय, आणि तो कोणाला वगळतो. गाइडनाही ते दाखवा, बोलणं सोपं जाईल. आणि वेळ आत्तापासून धरा, लोक गावात सापडतात ते साधारण मे ते सप्टेंबर, तेव्हा पायलट (प्रश्नावलीची छोटी चाचणी) मेमध्ये, मुख्य सर्व्हे पावसाळ्यात, आणि डिसेंबर-जानेवारीत त्यातल्याच काही कुटुंबांना फडावर जाऊन भेटायचं. प्रश्नावली तयार झाली की इथे टाका, मी बघून देईन.