जुनं टू-स्ट्रोक आउटबोर्ड: नवीन घेण्याआधी पेट्रोलची लाइन बघा

भाऊ, तुम्ही लिहिलंय की मच्छीमार संस्थेच्या बोटीवरचं वीसेक वर्षांचं यामाहा ४० एचपी आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन, रामटेकजवळच्या खिंडसी तलावात सकाळी झटक्यात चालू होतं, फुल थ्रॉटलवर दहा मिनिटं गेली की दम तोडतं आणि थोडं थांबलं की पुन्हा पळतं. मेकॅनिक म्हणतो इंजिन संपलं, फोर-स्ट्रोक घ्या. हाताशी आहेत ४० हजार. तुम्ही जे लिहिलंय त्यात मला इंजिन संपल्याचं कुठंच दिसत नाही. झिजलेलं इंजिन आधी थंड असतानाच रडवतं, कारण कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, नसतं. दोरी ओढून ओढून खांदा जातो. तुमचं तर पहिल्या दोरीला उठतं.

आधी फुकटातली एक चाचणी करा. इंजिन दम सोडायला लागलं की सोबतच्या माणसाला पेट्रोलच्या नळीतला रबरी फुगा, म्हणजे प्रायमर बल्ब, हाताने पंप करत राहायला सांगा. पंप केल्यावर इंजिन पुन्हा उठलं तर रोग पेट्रोलच्या लाइनीत आहे. त्याच वेळी फुग्याकडे नीट बघा. तो आत ओढला जाऊन चपटा झाला असेल तर अडथळा फुग्याच्या मागे आहे: टाकीच्या झाकणाचा व्हेंट, म्हणजे हवेचं छिद्र, बंद राहिलाय किंवा टाकीतली जाळी तुंबलीय. फुगा चपटा नाही, नुसता मऊ पडलाय, तर फ्युएल पंपाचा पडदा गेलाय किंवा एखाद्या जोडातून हवा ओढली जातेय. आणि पंप करूनही काहीच फरक पडला नाही, तर गरम झाल्यावर मार खाणारी इग्निशन कॉइल किंवा कूलिंग, या दोन दिशांनी जायचं.

माझा डाव नळीवर आहे, आणि त्याला कारण पेट्रोल. २०२३ पासून ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, यायला लागलं आणि आता बहुतेक पंपांवर साधं पेट्रोल म्हणजे तेच. आउटबोर्डच्या कंपन्या बहुतेक मॉडेलांना १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालतं म्हणतात, आणि तुमचं इंजिन तर ई-२० च्या बरंच आधीचं. जुन्या नळीचं आतलं अस्तर इथेनॉलने फुगतं, सुटतं आणि आतल्या आत झडपेसारखं मिटतं. बाहेरून नळी ठणठणीत दिसते, सावकाश चालवताना पेट्रोल पुरतं, फुल थ्रॉटलला पुरत नाही. त्यामुळे टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत सगळी नळी, फुगा आणि पंपाचा पडदा एकदमच बदलून टाका. नळी इथेनॉल चालणारीच मागा. मध्ये पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा. ४० हजारांतला पहिला खर्च हा.

इथेनॉलचा दुसरा त्रास टू-स्ट्रोकवाल्यांना जास्त महागात पडतो. इथेनॉल पाणी ओढतं. अर्धी भरलेली टाकी पावसाळाभर शेडमध्ये पडली की एका मर्यादेनंतर इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. पेट्रोलमध्ये मिसळलेलं टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं ऑइल, वर पेट्रोलसोबतच राहतं. टाकीतली नळी मात्र तळातून ओढते. म्हणजे इंजिनाला जातं ते बिनतेलाचं पाणीमिश्रित इथेनॉल, आणि पिस्टन धरतो. यूट्यूबवरचे गोरे लोक सांगतात हिवाळ्याआधी इंजिन कसं गुंडाळून ठेवायचं. आपल्याकडे पाणी गोठत नाही, ते सगळं सोडून द्या. आपली गुंडाळायची वेळ जूनची. टाकी रिकामी करा, उरलेलं पेट्रोल खपवा, नळी काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा आणि मग कार्बोरेटरच्या बाउलचा स्क्रू उघडून उरलेले थेंबही काढा. मे महिन्यात ४५ डिग्रीला टाकी उन्हात ठेवू नका हे वेगळं सांगायला नको, तरी बोटीवर जाऊन बघा, ती उन्हातच असते.

ई-२० मध्ये वजनाने सुमारे ७ टक्के ऑक्सिजन असतो, म्हणजे जुन्या जेटवर (कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं छिद्र) मिश्रण तेवढं पातळ होतं, हवा जास्त आणि पेट्रोल कमी. पातळ मिश्रण म्हणजे गरम पिस्टन. मेन जेट एखाद साइज मोठा लावावा लागेल, पण तो प्लगचा रंग बघून, अंदाजाने नाही.

इथे नागपूरकरांचं एक नशीब आहे. आउटबोर्डचा मेकॅनिक शोधून सापडत नाही, पण आरएक्स १०० या टू-स्ट्रोक मोटरसायकलवर हात बसलेले जुने मिस्त्री अजून आहेत. जेट, प्लग, पोर्ट, बोअर ही त्यांची भाषा. कार्बोरेटर आणि हेड त्यांच्याकडे बिनधास्त द्या. कॉम्प्रेशन दोन्ही सिलिंडरचं घ्यायला सांगा. दोघांत १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक नसेल तर इंजिनाला हात लावू नका. फरक जास्त असेल तर सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून रुंद करून, ओव्हरसाइज पिस्टन बसतो, फक्त बोअरनंतर पोर्टच्या, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकांच्या, कडा घासून मऊ केल्यात ना, ते विचारा. धारदार कडेला रिंग अडकते आणि तुटते. ऑइलच्या बाबतीत मात्र मिस्त्रीचं ऐकू नका. तो मोटरसायकलचं टू-टी देईल. ते हवेवर थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं, त्यातल्या राखेने आउटबोर्डच्या पिस्टनवर थर बसतो. डब्यावर टीसी-डब्ल्यू३ (पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकसाठीचा दर्जा) लिहिलेलंच घ्या. प्रमाण पुस्तकातलं. ५०:१ असेल तर लिटरला २० मिली.

कूलिंगकडे या. पाणी उतरलं की बोट काठाच्या गाळातून निघते, आणि पाणी ओढणाऱ्या पंपातला रबरी इम्पेलर त्या गाळाने घासला जातो. मागची पाण्याची पिचकारी बारीक किंवा खूप गरम झाली असेल तर इम्पेलर बदला. तशी ती ठीक असली तरी इतक्या वर्षांच्या इंजिनात मी बदलूनच टाकेन. काढल्यावर पाती मोजा. एखादं पातं तुटलेलं निघालं तर त्याचा तुकडा वर पाण्याच्या नळीत किंवा थर्मोस्टॅटपाशी अडकलेला असतो. तो सापडल्याशिवाय काम झालं असं समजू नका. नवीन इम्पेलर बसवताना शाफ्ट त्याच्या फिरण्याच्या दिशेने फिरवत पंपाचं झाकण खाली दाबायचं, म्हणजे पाती बरोबर बाजूला वळतात. खाली गिअरबॉक्सचं ऑइल दुधाळ निघालं तर सील गेलंय. नवं ऑइल खालच्या भोकातून वर भरायचं, वरून ओतलं तर हवा अडकते.

मुंबई-कोकणाकडचं स्वस्तातलं जुनं इंजिन कोणी दाखवेल. रंगाला भुलू नका. खाऱ्या पाण्याने आतल्या कूलिंगच्या वाटा खाल्लेल्या असतात, आणि बोल्ट काढताना निम्मे तुटतात. त्यातलं एखादं केरोसीनवरचं मॉडेलही असतं, यामाहात नाव ईके ने सुरू होतं. त्याचं कॉम्प्रेशन मुळातच कमी, पेट्रोलवर ताकद मिळत नाही. तिकडचं इंजिन घेतलंच तर झिंकचे अॅनोड (इंजिनाऐवजी स्वतः गंजणारे धातूचे तुकडे) काढून मॅग्नेशियमचे लावा, गोड्या पाण्यात झिंकवर थर चढून तो निकामी होतो.

आता फोर-स्ट्रोक. पेट्रोल बऱ्यापैकी वाचतं हे खरं, पण नवीन म्हणजे काही लाख, वजन वीसेक किलो जास्त, आणि तुमच्या बोटीची मागची फळी जुनी. नोंदणीतही इंजिनाचा बदल दाखवावा लागेल. रोज आठ-आठ तास चालणाऱ्या बोटीला ते परवडतं, जाळी बघायला आणि गस्तीला जाणाऱ्या बोटीला नाही. अपग्रेडच करायचं तर पंखा, म्हणजे पाण्यातला प्रोपेलर, बघा. जाळी-माणसं भरल्यावर इंजिन पुस्तकातल्या आरपीएमपर्यंत पोचत नसेल तर पिच (एका फेरीत पंखा जेवढा पुढे जायला हवा ते अंतर) एक इंच कमी असलेला पंखा लावून बघा, साधारण १५०-२०० आरपीएम वाढतात आणि इंजिनावरचा ताण हटतो.

फुग्याची चाचणी करून कळवा. दोन्ही सिलिंडरच्या कॉम्प्रेशनचे आकडे आणि फुल थ्रॉटलवर पळवून तिथेच बंद करून काढलेल्या प्लगांचे फोटो टाका, मग जेटचा नंबर ठरवू.