वादळ ओसरल्यावरची रात्र जास्त धोक्याची : खोऱ्यातल्या शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं

हिवाळी वादळांच्या दिवसांत खोऱ्यातल्या शिवारांतून साधारण सारखेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. वाचताना एक क्रम ध्यानात ठेवा. आधी ढग आणि दमट हवा, मग वारा, पाऊस, कधी गारा, आणि ते ओसरलं की निरभ्र आकाश, शांत हवा आणि कडाका. सगळी धावपळ वादळाच्या दिवशी होते, पण खोऱ्याच्या तळातलं पीक बहुतेक वेळा त्यानंतरच्या पहिल्या-दुसऱ्या निरभ्र रात्री जातं.

प्रश्न : अंदाजात किमान तापमान ४ अंश होतं. तरी आमचा बटाटा करपला आणि चढावरच्या शेजाऱ्याचा वाचला. असं कसं?

अंदाजातलं तापमान जमिनीपासून दीड-दोन मीटर उंचीवरच्या, झरोक्यांच्या पेटीत ठेवलेल्या तापमापकाचं असतं. निरभ्र आणि शांत रात्री पानं आपली उष्णता सरळ आकाशाकडे सोडतात, त्यामुळे पानाचा पृष्ठभाग त्या आकड्यापेक्षा २ ते ४ अंशांनी थंड असू शकतो. म्हणजे कागदावर ४ असताना पानावर दंव गोठू शकतं.

दुसरं कारण खोऱ्याचं. थंड हवा जड असते. ती उतारावरून हळूहळू खाली येते आणि सखल भागात साचते. तिच्या वर, उताराच्या मधल्या पट्ट्यात, तुलनेने उबदार हवेचा थर राहतो. म्हणून एकाच गावात तळाचं शेत आणि मधल्या उतारावरचं शेत यांत ३ ते ५ अंशांचा फरक सहज पडतो. शेजाऱ्याने औषध वेगळं मारलं म्हणून त्याचं पीक वाचलं असं नाही, त्याचं शेत वर आहे.

आपल्या शेताचा फरक मोजणं अवघड नाही. किमान तापमान नोंदवून ठेवणारा साधा तापमापक शेतातल्या सगळ्यात सखल जागी, पिकाच्या उंचीवर, उघड्यावर लावा. तीन-चार निरभ्र, शांत रात्रींचा आकडा अंदाजातल्या आकड्याशी ताडून पाहा. अशा रात्रींना हा फरक बराचसा सारखाच येतो. तो एकदा कळला की पुढे अंदाजातून तेवढे अंश वजा करायचे. ढगाळ किंवा वाऱ्याच्या रात्रीचे आकडे यात मिसळू नका, सगळा हिशेब बिघडतो.

संध्याकाळी ओळखायच्या खुणा : आकाश मोकळं, वारा पडलेला, हवा कोरडी. हवा जितकी कोरडी तितकं तापमान वेगाने उतरतं. ढग टिकून राहिले किंवा वारा चालू राहिला तर पानं गोठण्याची भीती बरीच कमी होते.

थंड हवा अडते कुठे, तेही पाहा. शेताच्या खालच्या अंगाला दाट सजीव कुंपण, रस्त्याचा भराव किंवा उंच बांध असेल तर त्याच्या मागे ती तळ्यासारखी साचते. वारा अडवायला हौसेने लावलेली झाडांची दाट ओळ अशी उलटलेली पुष्कळदा दिसते. उताराच्या सगळ्यात खालच्या टोकाला त्या ओळीत मोकळी वाट ठेवा, खालच्या फांद्या जमिनीपासून मीटरभर छाटा, आणि बांधावरचं गवत-झुडूप थंडीआधी काढा.

प्रश्न : शेकोट्या पेटवून धूर केला तर पीक वाचतं का?

धुराने नाही. धुराचे कण पानांतून निघणारी उष्णता फारशी अडवत नाहीत. ढग ते काम करतात, कारण त्यांच्यातले पाण्याचे थेंब आणि त्यांची जाडी वेगळी असते. उलट सकाळपर्यंत धूर रेंगाळला तर ऊन पोचायला उशीर होतो आणि गोठलेलं पीक आणखी वेळ थंड राहतं. ओला पालापाचोळा जाळून फक्त डोळे चुरचुरतात.

उपयोग होतो तो आगीच्या उष्णतेचा. त्यातही शेतभर विखुरलेल्या पुष्कळ छोट्या शेकोट्या कामाच्या. एकच मोठा जाळ केला तर गरम हवेचा झोत वरचा उबदार थर फोडून निघून जातो आणि भोवतालची थंड हवा शेतात ओढली जाते. रात्रभर जळेल एवढं कोरडं इंधन, माणसं आणि आगीवर लक्ष, हे सगळं जमणार असेल तर छोट्या फळबागेपुरतं ठीक आहे. गहू-हरभऱ्याच्या रानात हा खटाटोप करू नये.

प्रश्न : मग पाणी द्यावं का? कधी आणि किती?

पाणी हा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे, पण त्याची वेळ चुकली की तोच अंगावर येतो.

वादळाआधी पिकाला भरपूर पाणी देऊ नका. ओल्या, मऊ जमिनीत मुळांची पकड सैल होते आणि वाऱ्याने गहू लोळतो. युरियाचा हप्ताही त्याच सुमारास देऊ नये. पाणी द्यायचं ते वादळ ओसरल्यावर, निरभ्र रात्रीच्या एक-दोन दिवस आधी, आणि दिवसा, म्हणजे ओली जमीन ऊन साठवून ठेवेल. वरचा १५ ते ३० सेंटिमीटरचा थर ओला झाला की पुरे. कोरड्या, भुसभुशीत जमिनीत हवा जास्त असते. ती दिवसा उष्णता खोलवर घेत नाही आणि रात्री वर देत नाही. वादळात १५-२० मिलिमीटर पाऊस झाला असेल तर वेगळं पाणी द्यायची गरज नाही. साचलेलं पाणी मात्र चर काढून वाहतं करा.

याच कारणाने कडाक्याच्या काळात फळझाडांखालचं पेंढ्याचं जाड आच्छादन बाजूला सारा. आच्छादन मुळांना जपतं, पण जमिनीची ऊब वर फुलोऱ्यापर्यंत येऊ देत नाही. तणांचंही तसंच. उघडी, घट्ट आणि ओलसर जमीन सगळ्यांत उबदार राहते. म्हणून या काळात माती भुसभुशीत करणारी कोळपणी टाळा.

विहिरीचं किंवा बोअरचं पाणी कडाक्याच्या रात्री हवेपेक्षा उबदार असतं. ते मध्यरात्रीनंतर सरीतून सोडलं तर थोडी ऊब मिळते. उथळ शेततळ्याचं पाणी स्वतःच थंड झालेलं असतं, त्याचा फार फायदा नाही.

आता तुषार सिंचनाबद्दल, कारण सगळ्यांत जास्त गैरसमज इथे आहेत. पाणी गोठताना दर ग्रॅमला सुमारे ८० कॅलरी उष्णता बाहेर पडते आणि तीच कळीला शून्याच्या आसपास राखते. पण पाण्याची वाफ होताना दर ग्रॅमला सुमारे ६०० कॅलरी ओढून घेतल्या जातात, म्हणजे साडेसात पट. म्हणून पाणी कमी पडलं, मध्येच बंद झालं किंवा वारा सुटला, तर फवाऱ्याखालचं पीक कोरड्या पिकापेक्षाही थंड होतं. निदान ताशी ३ मिलिमीटर पाणी सगळ्या शेतावर एकाच वेळी, खंड न पडता मिळालं पाहिजे. एकरी हिशेब ताशी सुमारे १२,००० लिटर. आठ तास चालवायचं तर जवळपास एक लाख लिटर. वीज मध्यरात्री जाणार असेल किंवा पाइप उचलून दुसरीकडे न्यायचे असतील, तर हा मार्ग सोडून द्या.

एवढी सोय असलेल्यांनी तापमापकाच्या फुग्याला ओलं सुती कापड गुंडाळून वाचन घ्यावं. ओलं पान किती थंड होईल हे त्यावरून कळतं. हा आकडा शून्याला यायच्या आत, १ अंशाच्या आसपास, पंप सुरू करायचा. उजाडलं म्हणून बंद करायचा नाही. बर्फ वितळून सुटायला लागला आणि ओल्या कापडाचा आकडा शून्याच्या वर गेला की मगच. बर्फाच्या भाराने फांद्या मोडतील अशा झाडांवर हा प्रयोग नको.

रोपवाटिका आणि भाजीपाल्याच्या वाफ्यांना झाकणी सोपी. कमानी उभारून त्यांवर १७ ते ३० जीएसएमचं (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचं) नॉन-वोव्हन, म्हणजे न विणलेलं कापड टाका, १-२ अंशांचा आधार मिळतो. सूर्य मावळायच्या आधी, जमिनीत ऊब असताना झाका आणि कडा मातीने दाबा. प्लास्टिक पानांना टेकलं तर टेकलेलं पान आधी गोठतं. सकाळी ऊन आलं की झाकण काढा.

आणि थंडी वाऱ्यासोबत येत असेल, रात्रभर झोंबरा वारा असेल, तर वरचे बहुतेक उपाय निष्फळ ठरतात. तेव्हा तुषार संच बंदच ठेवा.

प्रश्न : पीक गोठून काळं पडलं. छाटून खत द्यावं का?

लगेच नको. नुकसानीची खरी हद्द कळायला आठ-दहा दिवस जातात. वरची मेलेली पानं खालच्या डोळ्यांना, म्हणजे फुटव्याच्या कोंबांना, पुढच्या थंडीत थोडा आडोसा देतात. नवी फूट कुठून निघते ते पाहून छाटा. फळझाडाच्या फांदीची साल नखाने खरवडा : आत हिरवं असेल तर ती जिवंत आहे. नत्राचा मोठा हप्ता कोवळी फूट आणतो आणि पुढच्या कडाक्यात तीच आधी मरते.

प्रश्न : गारा पडल्या. फवारणी कोणती?

आधी चर, मग फवारणी. मुळांशी पाणी २४ ते ४८ तास उभं राहिलं तर गारांपेक्षा मोठं नुकसान होतं. पण वाफसा येईपर्यंत, म्हणजे जादा पाणी निथळून जमीन कामाजोगी होईपर्यंत, शेतात गाडी, जनावरं किंवा माणसांची गर्दी नको. काळी जमीन तुडवली गेली की हंगामभर घट्ट राहते.

मोडलेल्या फांद्या स्वच्छ काप देऊन काढा, फुटलेली फळं वेचून शेताबाहेर पुरा. जखमांतून बुरशी आणि जिवाणू शिरतात, म्हणून शक्यतो २४ ते ४८ तासांत कॉपर ऑक्सिक्लोराईड ५० टक्के हे तांब्याचं बुरशीनाशक १० लिटर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम फवारतात. तुमच्या पिकाचं नाव डब्यावरच्या लेबलवर आहे ना, हे आधी पाहा. थंड, दमट हवेत पान वाळायला वेळ लागला तर तांब्याने कोवळी पानं भाजतात. दोन तासांत वाळेल असं ऊन पाहूनच मारा. त्याच टाकीत वाढीचं संजीवक, विद्राव्य खत, कीटकनाशक असं सगळं कालवू नका. नवी पालवी दिसल्यावर, साधारण आठवड्याने, १ टक्का युरिया म्हणजे १० लिटरला १०० ग्रॅम पुरतो.

लोळलेला गहू ओंब्या भरण्याआधीचा असेल तर पेरांतून वाकून तो चार-पाच दिवसांत बराचसा उठतो. त्याला बांधत बसू नका.

प्रश्न : पॉलिहाऊस आणि शेडनेट वाऱ्यात कसं टिकवायचं?

वाऱ्याचा वेग ताशी ४० वरून ६० किलोमीटरवर गेला की दाब दीडपट न वाढता सव्वादोन पट होतो. वारा सुटायच्या आधी सगळे पडदे आणि दारं बंद करा. एका बाजूने आत शिरलेला वारा छप्पर खालून उचलतो. सैल प्लास्टिक फडफडून फाटतं, म्हणून क्लिपा आणि ताण-तारा आदल्या दिवशी घट्ट करा, फाटलेल्या जागी पट्टी लावा. गारांचा ५ सेंटिमीटरचा थर चौरस मीटरला २५ ते ३० किलो भरतो. झोळ पडलेली सपाट जाळी एवढं वजन पेलत नाही, तेव्हा ती आधीच गुंडाळून ठेवणं शहाणपणाचं.

वाऱ्यासाठी झाडांची ओळ लावायची तर निम्मा वारा आरपार जाईल इतकी विरळ ठेवा. उंचीच्या सुमारे दहा पट अंतरापर्यंत आडोसा मिळतो. भरीव भिंतीमागे वारा भोवरे घालतो आणि पीक पिळवटतो.

प्रश्न : हरभऱ्याला फुलं भरपूर, घाटे नाहीत. कांद्याला डेंगळे (फुलाचे दांडे) आले. औषध सांगा.

दोन्हींवर औषध नाही. दिवस-रात्रीचं सरासरी तापमान १५ अंशांखाली राहिलं की हरभऱ्याची फुलं गळतात. ऊब आली की नवी फुलं घाटे धरतात, तोवर संजीवकांवर पैसे घालू नका. डेंगळे येतात ते जास्त वयाची, जाड रोपं लावून पुढे लांब थंडी लागल्यामुळे. दांडा तोडला तरी कांदा टिकाऊ होत नाही, असे कांदे साठवणुकीतून वेगळे काढा.

प्रश्न : थंडी कमी होत चाललीय, तरी नुकसान वाढतंय. पेरणीची तारीख बदलावी का?

मधल्या उबदार आठवड्यांमुळे पिकं आणि झाडं लवकर फुलावर येतात, आणि मग नेहमीचाच कडाका त्यांना नाजूक अवस्थेत गाठतो. वाढीच्या अवस्थेतला गहू बरीच थंडी सोसतो, पण तोच फुलोऱ्यात असताना उणे १-२ अंशांत ओंब्या वांझ राहतात. सगळी पेरणी पुढे-मागे सरकवणं हा जुगार आहे. ती १०-१२ दिवसांच्या अंतराने दोन टप्प्यांत करा आणि लवकर व उशिरा फुलणारे वाण वाटून घ्या. सखल तुकड्यात लवकर फुलणारा वाण नको. तिथे थंडी सोसणारं पीक घ्या, आणि फळबाग मधल्या उतारावर.

प्रश्न : गोठा चारी बाजूंनी बंद करावा का?

नाही. अंगावर येणारा वारा अडवा, पण छपराखालून हवा बाहेर जायला फट ठेवा. कोंडलेल्या गोठ्यात मूत्राचा अमोनिया साचतो आणि वासरांना न्यूमोनिया होतो. आत शेकोटी तर अजिबात नको. भिजलेल्या केसांत ऊब राहत नाही, म्हणून भिजलेलं जनावर आधी पुसून कोरडं करा. बसायला कोरडी गादी द्या. संध्याकाळी कडबा वाढवा, तो पोटात आंबताना उष्णता देतो. पिण्याचं पाणी फार गार नको, पाणी कमी प्यायलं की चाराही कमी खाल्ला जातो. नव्या वासराला वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक पहिल्या दिवसात मिळाला पाहिजे, त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत. विजांच्या वेळी जनावरं एकट्या झाडाखाली किंवा तारेच्या कुंपणाजवळ बांधू नका, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाईपर्यंत स्वतःही रानात उतरू नका.