बाटली कोणी दिली, हे आधी बाजूला ठेवा

"मॅडम, मुलगा अडीच वर्षांचा आहे, पुढचे दात किडले. एक डॉक्टर म्हणतात काळं औषध लावू, दुसरे म्हणतात भूल देऊन एकदाच सगळं करू, घरचे म्हणतात दुधाचेच आहेत, पडतीलच. काय करू?"

नागपुरात समुपदेशन करताना हा प्रश्न इतक्यांदा ऐकला की लिहायलाच घेतलं. उपचार दंतवैद्यांनीच ठरवायचा. पण घर निर्णयापाशी येऊन का अडतं, ते माझ्यासमोर रोज उलगडतं.

मनीषनगरकडचं एक कुटुंब. ओळख बदलून सांगते. आई म्हणाली, "रात्री बाटलीत साखरेचं दूध देऊ नका म्हणून मी किती सांगितलं. पण मी नोकरीवर जाते, माझं कोण ऐकते?" नवरा लगेच, "तू तरी ब्रश कधी करून दिला?" आजी खाली मान घालून बसलेल्या. उपचारांवर बोलायला आलेले तिघं दोष कोणाचा यावरच अडून होते.

माझी एक पक्की धारणा आहे: समोर एक माणूस बसला तरी सोबत अख्खं घर आलेलं असतं, आणि सगळ्यांत कमी बोलणाऱ्याला बरंच काही ठाऊक असतं. पुढच्या भेटीत मी आजींनाच विचारलं, "भरवता तुम्हीच ना? कसा खातो तो?"

त्या जरा थांबल्या. "संक्रांतीपासून पाहून राहिली मी. पोट्टं डाव्या बाजूनं पोळी चावतच नाही. घास सारा उजवीकडं नेते. बोलली नाही. म्हटलं, बाटली मीच देत होती, सारं माझ्यावरच येईल."

सून त्यांच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "आई, मला सांगायचं ना हो." त्या वाक्यात तक्रार नव्हती. नवराही पहिल्यांदा गप्प झाला. मी त्या शांततेत घाईनं काही बोलले नाही, आणि ते बरंच झालं असं आजही वाटतं.

घर चर्चा करत होतं दिसणाऱ्या चार दातांची, आणि दुखत होती न दिसणारी दाढ. दोष आपल्यावर येईल या धास्तीनं डॉक्टरांना हवी असलेली माहितीच घरात दडून राहिली होती. मी एवढंच सांगितलं, "डॉक्टरांना 'रात्री बाटली असते, डावीकडे चावत नाही' असं सांगा. कोणी दिली, ते नको."

एक्स-रेत डाव्या दाढेची कीड आतल्या नसेपर्यंत पोचलेली निघाली. तिथे नसेचा उपचार करून स्टीलची कॅप बसली. न दुखणाऱ्या पुढच्या दातांना काळं औषध लागलं.

हे औषध म्हणजे सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड. ड्रिलशिवाय छोट्या ब्रशनं लावतात. कीड बहुतेकदा थांबते, पण खड्डा भरत नाही, आणि किडलेला भाग कायमचा काळा होतो. ते पुन्हाही लावावं लागतं. नस सडली असेल तिथे ते उपयोगाचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते 2021 पासून आहे, त्यामुळे "स्वस्तातलं काहीतरी लावलं" ही रुखरुख नको. काळ्या दातांवर लोक बोलतील, याची तयारी मात्र आधीच करा. हिरडीलगत नुसते खडूसारखे पांढरे पट्टे असतील, तर फ्लोराइड वार्निश (दातांवर लावायचा फ्लोराइडचा लेप) आणि नीट ब्रशिंगनं कीड तिथेच थांबू शकते. अनेक दात खराब आणि मूल बसूच देत नसेल, तर पूर्ण भुलीचा पर्याय येतो; तो भूलतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयातच.

"पडणारच आहेत" हे पुढच्या दातांना मूल सहा-सात वर्षांचं झाल्यावर लागू होतं. दुधाच्या दाढा मात्र वयाच्या दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात. अडीच वर्षांच्या लेकरानं तोवर एकाच बाजूनं जेवायचं का?

खर्चाची चिंता असेल तर मेडिकल चौकाजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात मुलांचा वेगळा विभाग आहे. रात्रीची बाटली बंद करताना आजीला सोबत घ्या, बाटलीत साधं पाणी चालेल. फ्लोराइडची पेस्ट तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढीच, ब्रश मोठ्यांनी करायचा. आणि गालावर सूज किंवा सोबत ताप आला, तर माझ्याकडे न येता त्याच दिवशी दंतवैद्याकडे जा.